घराशेजारी आईवडिलांसाठी खोली बांधायचीय? सोलापूरकरांसाठी पायरीपायरीनं

"बाजूला बोळ मोकळाच आहे की. दोन भिंती घालू, वर पत्रे टाकू, महिन्याभरात सोय." घरातलं म्हातारं माणूस अंथरुणाला टेकलं की तिसऱ्या दिवशी हे वाक्य कुणीतरी बोलतंच. आमच्याकडे ते मीच बोलले होते. सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरात त्यांची खोली वरच्या मजल्यावर. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि जिन्याखालचा संडास, त्यात धडधाकट माणूससुद्धा मान वाकवून जातो. खोली उभी राहायला आठ महिने लागले आणि त्यातले बांधकामाचे फक्त अडीच. बाकीचे साडेपाच महिने आम्ही कामं उलट्या क्रमानं केली म्हणून गेले. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

नणंदेचा मुलगा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. त्यानं फोनवर सांगितलं, "मामी, इकडे तर आजारी माणसासाठी अंगणात तयार खोली आणून ठेवतात, त्याचा वेगळा कायदा आहे." तो कायदा खरा आहे, २०१६ चा. ३०० चौरस फुटांपर्यंतची, कारखान्यात तयार झालेली, कायमचा पाया नसलेली खोली. सोबत माणसाला मदतीची गरज असल्याचा वैद्यकीय दाखला. परवानगी सहा महिन्यांची आणि ती एकदाच वाढवून मिळते. एखाद्या शहराला हे नको असेल तर ठराव करून बाहेर पडायची मुभाही आहे. ऐकायला छान वाटतं. पण आपल्याकडच्या नियमात "आजारी आईची खोली" असा वेगळा कप्पा नाही. तुम्ही बांधाल ती राहती खोली, आणि तिला घराच्या इतर बांधकामाचेच नियम लागतात. डिसेंबर २०२० पासून सोलापूर महापालिकेतही राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. पुढे मी नुसतं "नियमावली" म्हणेन.

आधी घरातच शोधा

हे सांगितलं की लोक नाराज होतात, पण पहिली पायरी हीच. खालचा हॉल आईंना देऊन बैठक वर नेता येते का? स्वयंपाकघरालगतची कोठी मोडून तिथं कमोड बसतो का? घराच्या आतली, बाहेरून रूप न बदलणारी दुरुस्ती आणि फेरबदल यांना नगररचना कायद्यात, म्हणजे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात, सूट आहे. फरशी बदलणं, प्लास्टर, दार रुंद करणं ही कामं बहुतेक वेळा यात बसतात. भिंत पाडणार असाल तर मात्र ती वजन पेलणारी आहे का, हे इंजिनिअरला दाखवल्याशिवाय घण उचलू नका. जुन्या पेठांतल्या दगडी भिंती आणि माळवदाच्या घरांत तर अजिबात नाही. तिथं एक भिंत हलली की वरच्या तुळया कुठं टेकल्यात ते नंतर कळतं.

आमच्याकडे हॉल देणं शक्य नव्हतं, कारण हॉलमधूनच जिना वर जातो. दिवसभर येणाजाणाऱ्यांच्या वाटेत खाट टाकून म्हाताऱ्या बाईनं कपडे कुठं बदलायचे? म्हणून बोळ.

बोळ तुमचा, पण मोकळा नाही

प्लॉटच्या हद्दीपासून घरापर्यंत जी जागा सोडलेली असते तिला नियमावलीत सामासिक अंतर म्हणतात, बोलताना सगळे समास म्हणतात. ती हवा, उजेड आणि अग्निशमनासाठी सोडलेली असते. मालकी तुमची, पण तिथं बांधता येत नाही. समास किती, हे प्लॉटचं क्षेत्रफळ, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि तुमचा भाग दाट वस्तीत मोडतो की बाहेर, यावर ठरतं. साखर पेठेतलं उत्तर वेगळं, विजापूर रोडचं वेगळं. म्हणून कुणाच्या मेव्हण्यानं सांगितलेला आकडा धरू नका. परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टकडून तुमच्या प्लॉटचा आकडा कागदावर लिहून घ्या.

आमचा प्लॉट ४० बाय ५०, म्हणजे २००० चौरस फूट, मीटरमध्ये साधारण १८६. उजव्या बाजूला १५ फुटांचा बोळ होता. मला वाटत होतं १५ फूट म्हणजे मोठी खोली. इंजिनिअर बाईंनी नकाशावर तांबड्या पेन्सिलनं हद्दीला समांतर एक रेघ ओढली आणि रेघेच्या आत साडेनऊ फूट उरले. बाहेरच्या भिंतीचे नऊ इंच आणि प्लास्टर गेलं की आत साडेआठ. मिस्त्री शेजारी उभा होता, तो म्हणाला, "ताई, पाच फूट जागा हाय की, कशाला सोडताव? शेजारचे तर काय म्हणंना झालेत." शेजाऱ्यांची हरकत नसणं ही चांगली गोष्ट, पण त्यानं समास माफ होत नाही. उद्या शेजारी घर विकतील आणि नवा मालक पहिला अर्ज तुमच्याविरुद्ध करील.

साडेआठ फुटांत खोली होते का? राहत्या खोलीला कमीत कमी साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट क्षेत्र लागतं, रुंदी निदान २.४ मीटर, म्हणजे आठ फुटांना थोडी कमी, आणि उंची २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट. आमची खोली साडेआठ बाय साडेबारा आली, १०६ चौरस फूट. जेमतेम, पण बसली. तुमच्या बोळात समास सोडून आत सहा-सात फूटच उरत असतील तर इथंच थांबा आणि मागच्या अंगणाकडे किंवा गच्चीच्या खालच्या भागाकडे बघा. पैसे खर्च व्हायच्या आत हे कळायला टेप आणि एक रविवार पुरतो.

"पत्र्याला परवानगी कशाला?" हा पुढचा प्रश्न. लागते. नियमावलीच्या दृष्टीनं इमारत कशाची आहे याला महत्त्व नाही. वीट, पत्रा, लाकूड किंवा ट्रकमधून आणून ठेवलेली तयार केबिन, माणूस राहणार असेल तर ते बांधकामच.

चटई क्षेत्राची, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं या मर्यादेची, भीती मात्र फार बाळगू नका. दाट वस्तीबाहेर मूळ निर्देशांक १.१० आहे आणि दाट वस्तीत १.५०. २००० फुटांच्या प्लॉटवर १.१० नं २२०० फूट होतात. आमचं जुनं बांधकाम दोन्ही मजले मिळून १३०० च्या आत होतं. एकमजली-दुमजली घरांच्या कॉलन्यांत अडचण बहुधा चटईची नसते, समासाची असते.

चिकटून बांधा, सुटी नको

माझं सगळ्यात ठाम मत हे. घरापासून चार पावलांवर वेगळी खोली काढावी असं सगळ्यांना वाटतं. "त्यांनाही मोकळं, आपल्यालाही मोकळं." पण एकाच प्लॉटवर दुसरी इमारत आली की दोन इमारतींमध्येही अंतर सोडावं लागतं आणि हातातली जागा पुन्हा कमी होते. वेगळा पाया, चारही भिंती नव्या, वेगळी पाण्याची लाइन. शिवाय रात्री अडीचला हाक मारली तर ती ऐकू आली पाहिजे आणि पावसात छत्री न घेता तिथं पोचता आलं पाहिजे.

चिकटून बांधताना एकच मोठी अडचण येते, जुन्या घराच्या त्या बाजूच्या खिडक्या. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी बोळात उघडत होती. ती झाकली गेली असती तर स्वयंपाकघर अंधारं झालं असतं, आणि तसा नकाशा मंजूरही झाला नसता, कारण प्रत्येक राहत्या खोलीला बाहेरचा उजेड-वारा दाखवावा लागतो. इंजिनिअर बाईंनी नवी खोली मागच्या बाजूला सहा फूट सरकवली. स्वयंपाकघराची खिडकी वाचली आणि हॉलची एक खिडकी नव्या खोलीच्या भिंतीत आली. त्या खिडकीखालची वीट काढून तिथंच आतलं दार केलं. वर लिंटेल आधीपासून होतंच, त्यामुळे भिंतीला धक्का लागला नाही. हॉलला पुढची मोठी खिडकी होती म्हणून हे चाललं.

कागद कुठले

इथं बहुतेकांचे महिने जातात, म्हणून सावकाश वाचा.

जागा कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. सिटी सर्व्हे झालेल्या भागात मिळकत पत्रिका, नसेल तर सातबारा. सासरे वारले तेव्हा आम्ही वारस नोंद लावलीच नव्हती. कोण लावतंय? घर आपलंच. नकाशाचा अर्ज करायला गेलो तेव्हा उताऱ्यावर अजून अण्णांचं नाव. मग सासूबाई, नवरा, पुण्याचे मोठे दीर आणि दोन नणंदा अशी पाच नावं लागायला वेळ गेला, आणि नंतर सगळ्यांचं नोटरी केलेलं संमतीपत्र. दीर चांगले आहेत, पण "संमतीपत्र कशाला पाहिजे, आम्ही नाही म्हणतोय का?" हा फोन एकदा झालाच. तुम्ही हे काम आजच सुरू करा, खोली बांधा किंवा न बांधा.

इथंच एक जपायची गोष्ट. "खोली आम्ही बांधतोय, तर जागा आमच्या नावावर करा," असं म्हणून आईवडिलांकडून बक्षीसपत्र करून घ्यायची टूम निघते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न केल्यास न्यायाधिकरण रद्द ठरवू शकतं, आणि ते न्यायाधिकरण म्हणजे प्रांताधिकारी. आईवडिलांच्या बाजूनं बघणाऱ्यानं ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्यावी. माझ्या मते एका खोलीसाठी मालकी हलवायची गरजच नसते.

मग जागेचा प्रकार. बिनशेती आदेश आणि मंजूर लेआऊट असेल तर उत्तम. १९९२ च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या भागात, शेळगी, बाळे, मजरेवाडी, सोरेगाव या बाजूंना, गुंठा-गुंठा करून विकलेले प्लॉट खूप आहेत. खरेदीखत असतं, लेआऊट नसतो. अशा प्लॉटवर आधी गुंठेवारी नियमित करून घ्यावी लागते. मूळ कायदा २००१ चा, नंतरच्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला तो लागू झाला. नियमितीकरणाचा दाखला हातात नसताना खोलीचा नकाशा देणं म्हणजे फाईल परत येण्याची वाट बघणं. सोसायटीचा प्लॉट असेल तर सोसायटीचं ना हरकत पत्र, आणि जागा शासनानं दिलेली, भोगवटादार वर्ग २ ची असेल तर मूळ आदेशातल्या अटी वाचा. कुंभारीकडच्या कामगार वसाहतींसारखी योजनेत मिळालेली घरं असतील तर वाटपपत्राच्या अटी बघितल्याशिवाय विटाही मागवू नका.

जुन्या घराचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्यावर मिळणारा वापराचा दाखला, शोधा. नसेल तर नव्या खोलीबरोबर जुन्या घराचीही चौकशी होते. गच्चीवर परवानगीशिवाय काढलेली खोली असेल तर तीही नकाशात दाखवावी लागेल, लपवून चालत नाही.

मोजणीची क प्रत, म्हणजे सरकारी मोजणीनंतर मिळणारा हद्दींचा नकाशा, असावी. वॉलकंपाउंड म्हणजे हद्द नव्हे. आमचं कंपाउंड एका टोकाला सात इंच आत होतं, म्हणजे आम्हीच जागा सोडली होती. उलटही असू शकतं. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करून ठेवा, तारीख यायला वेळ लागतो.

आणखी एक खास सोलापूरची गोष्ट. भुईकोट किल्ला हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची ना हरकत लागते. किल्ल्याच्या आसपास घर असेल तर सगळ्यात आधी हे अंतर बघा, बाकीचं नंतर. होटगी रोडच्या विमानतळाजवळ उंचीची बंधनं आहेत, तळमजल्याच्या एका खोलीला ती सहसा आड येत नाहीत.

अर्ज

अर्ज ऑनलाइन होतो आणि आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरमार्फतच होतो. त्यामुळे माणूस निवडताना फी बघण्याआधी विचारा, "गेल्या वर्षभरात महापालिकेतून किती नकाशे मंजूर करून आणले?" आम्ही आधी एका ओळखीच्या ड्राफ्ट्समनकडे गेलो होतो. त्यानं सुंदर नकाशा काढून दिला, आत खाट, कपाट, कुंडीसुद्धा. समासाची रेघ नव्हती. दीड महिना गेला.

प्लॉटच्या आकारावरून वाट बदलते. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर, म्हणजे साधारण १६०० चौरस फुटांपर्यंत, प्रक्रिया सगळ्यात सोपी आहे. तांत्रिक माणसाच्या सहीचा नियमात बसणारा नकाशा आणि कागद दाखल करायचे, शुल्क भरायचं आणि ती पावतीच परवानगी धरली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरला थोडी तपासणी वाढते, पण मुदत थोड्या दिवसांची आहे. सोपी वाट म्हणजे नियम माफ असा अर्थ काढू नका. जबाबदारी सही करणाऱ्यावर आणि तुमच्यावर येते, एवढंच. शहराबाहेर ग्रामपंचायतीच्या हद्दीत असाल तर हेच दोन टप्पे २०२१ च्या निर्णयानं तिथंही आहेत. छोट्या प्लॉटसाठी कागद आणि शुल्क ग्रामपंचायतीत द्यायचं.

शुल्कात छाननी शुल्क, विकास शुल्क आणि लागू असेल तर मजूर कल्याण उपकर, अशी तीन-चार नावं येतात. इंजिनिअरकडून अंदाज लिहून घ्या आणि प्रत्येक रकमेची पावती मागा. पावती नसलेली रक्कम कशाची, हे ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळालं की ते एक वर्ष चालतं, दरवर्षी नूतनीकरण करून एकूण चार वर्षांपर्यंत. आईच्या खोलीला चार वर्षं लागू नयेत, पण पैशाअभावी काम थांबतं, तेव्हा नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पाया जोत्यापर्यंत आला की जोते तपासणी. ती टाळून भिंती चढवू नका. समास चुकला असेल तर तो जोत्याला दुरुस्त होतो, स्लॅबला नाही.

खोलीच्या आधी चेंबर मोजा

आता बांधकाम. आमची सगळ्यात महाग चूक इथली. खोलीची फरशी घराच्या फरशीच्या पातळीला घेतली, बाथरूम खोलीच्या मागच्या टोकाला काढलं, आणि ड्रेनेजचं चेंबर होतं पुढे गेटजवळ. चार इंची पाइपला दर १० फुटांना दोन ते तीन इंच उतार लागतो. मिस्त्रीनं उतार काढत काढत पाइप मागे नेला तेव्हा कळलं की बाथरूमची फरशी खोलीपेक्षा पाच इंच वर घ्यावी लागेल. पाच इंचांची पायरी! जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती बाई त्या पायरीवरूनच पुन्हा पडणार. शेवटी बोळात मध्ये नवं चेंबर खणलं आणि पुढची जुनी लाइन उकरून खोल केली. खोदाई, मजुरी, आणि वॉकरवर असलेल्या सासूबाईंना आणखी तीन आठवडे जिन्याखालचा संडास.

म्हणून चेंबरचं झाकण उघडा, आतल्या पाइपच्या तळापासून घराच्या जोत्यापर्यंत उंची मोजा आणि बाथरूम कुठं येणार ते त्यावरून ठरवा. खोली त्यानंतर आखा.

बाथरूम मोठं घ्या. व्हीलचेअर फिरवायला दीड मीटर, म्हणजे पाच फुटांचा गोल लागतो. दाराची मोकळी रुंदी निदान ९०० मिलिमीटर, तीन फूट. चौकट तीन फुटांची केली की आत अडीच-पावणेतीनच उरतात, हे सुताराला दोनदा सांगा. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं करा, आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्या अंगावरच अडकतं. कमोडशेजारच्या दांड्या भिंतीत नीट रोवलेल्या हव्यात, टॉवेलच्या दांडीवर कुणी विसंबू नये. कमोडच्या त्या बाजूची भिंत पोकळ ब्लॉकची नको, खिळा धरत नाही. फरशीला आम्ही घोटाई न केलेली शहाबादी घातली. पाणी सांडलं तरी पाय सरकत नाही आणि उन्हाळ्यात तळव्याला गार लागते. चकचकीत टाइल्स दाखवणाऱ्या दुकानदाराला ओल्या स्लीपरनं त्यावर चालून दाखवायला सांगा.

रॅम्पचं गणित आधी करा. उतार एकास बारा. जोतं दीड फूट उंच असेल तर रॅम्प १८ फूट लांब, दोन फूट असेल तर २४. लोक दारासमोर चार फुटांत उतरंड करतात, त्यावरून व्हीलचेअर ढकलत चढवणं कठीण आणि उतरवणं धोक्याचं. आम्ही बोळाच्या लांबीनं रॅम्प घेतला, मध्ये सपाट टप्पा, एका बाजूला कठडा. रॅम्पही नकाशात दाखवून घ्या. आणि गेट बघा: स्ट्रेचर घेऊन दोन माणसं आत येऊ शकतात का, हे बाजेची लांबी धरून एकदा वळवून बघितलं की कळतं.

ऊन, काळी माती, पाणी

पत्र्याचा विषय मी परवानगीमुळे नाही, उन्हामुळे सोडला. एप्रिल-मेमध्ये ४३-४४ अंशांत पत्र्याखाली दुपारी दोन ते सहा माणूस ठेवणं म्हणजे शिक्षा, आणि म्हाताऱ्या शरीराला तहान लागलेली कळतही नाही. स्लॅब घाला, वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा थर द्या. ते जमत नसेल तर दर उन्हाळ्याआधी चुना. बाथरूम पश्चिमेला घ्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरचं ऊन ती भिंत खाईल आणि खाटेची भिंत वाचेल. आपली हवा कोरडी म्हणून कूलर चांगला चालतो, पण समोरची खिडकी उघडी नसेल तर तो नुसता ओलावा कोंडतो. दोन खिडक्या समोरासमोर ठेवा.

काळ्या मातीत पाया घेताना मुरूम लागेपर्यंत खणा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि नवी खोली जुन्या घरापेक्षा वेगळी खचते. त्यामुळे जोडावर भेग पडतेच. जुन्या-नव्या भिंतीत मुद्दाम सांधा ठेवा आणि गच्चीवर तो नीट झाका. नाहीतर सप्टेंबरच्या पावसात पाणी बरोबर खाटेवर येतं.

काम दिवाळीनंतर काढा. जमीन ओलसर असते, खोदाई सोपी जाते आणि पाणी मारायला उन्हाळ्यासारखी टंचाई नसते. फक्त जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत गवंडी मिळेल असं धरू नका.

रोज नळ न येणाऱ्या गावात अंथरुणावरच्या माणसाचं पाणी वेगळं मोजावं लागतं. चादरी, लंगोट, स्पंज, फरशी, रोजच्या रोज. बाथरूमवर ५०० लिटरची वेगळी टाकी बसवा आणि तिला मुख्य टाकीतून भरायचा व्हॉल्व्ह ठेवा. घरातलं संपलं तरी आईंचं संपत नाही.

वीज, टॅक्स, दाखला

घर एकच असल्यानं नवा मीटर मागत बसू नका. कूलर, गीझर वाढले तर मंजूर भार वाढवून घ्या. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागणार असेल तर पाच लिटरचं यंत्र साधारण ३५०-४०० वॉट खातं. घरच्या इन्व्हर्टरवर ते किती वेळ चालेल हे दुकानदाराला विचारून लिहून ठेवा, आणि भरलेला सिलिंडर खोलीतच असू द्या. स्विच खाटेवरून हात पोचेल असा हवा. बेलचं बटण गादीच्या कडेला, घंटी स्वयंपाकघरात.

काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज करा. आपल्याकडे हा टप्पा सरसकट सोडतात आणि दहा वर्षांनी घर विकताना किंवा कर्ज काढताना धावपळ करतात. त्यानंतर झोन कार्यालयात वाढीव बांधकामाची कर आकारणी करून घ्या. काही जण उलटा मार्ग सांगतात, "आधी टॅक्स लावून घ्या, पावती झाली की पक्कं होतं." होत नाही. अनधिकृत बांधकामालाही टॅक्स लागतो, वर शास्ती लागू शकते, आणि टॅक्स भरत असतानाही नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस येऊ शकते.

आमच्या खोलीची आकारणी करायला आलेला कर्मचारी टेप घेऊन आत आला. सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. त्यानं लांबी घेतली, रुंदी घेतली, बाथरूममध्ये डोकावला आणि विचारलं, "आजी, एवढं मोठं बाथरूम?" त्या म्हणाल्या, "खोलीपेक्षा तेच बघून बांधलंय की."